तुळईवरचा सदरा

आमच्या कुंडावर कुणाला धीर धर म्हणायचं असलं, की 'सदरा राहू दे अंगात' असं म्हणत. घेवड्याची हंडी शिजायच्या आधीच पोरं ताटल्या वाजवायला लागली, की मी त्यांना तेच म्हणे. दाई बाळंतिणीला तेच म्हणे, आणि बाळंतीण कळा देता देता उलटून म्हणे, "राहिलाय कुठे मेला अंगात!" खेचरांनासुद्धा म्हणत, आणि खेचरं कान हलवून ऐकून घेत. इतर मुलखांत हे बोलणं कुठून आलं ते मला ठाऊक नाही. शहाणी माणसं त्याचं वेगवेगळं मूळ सांगतात. आमच्याकडे ते कुंडाच्या तुळईवरून आलं असं सगळे धरून चालत, आणि ती तुळई माझ्या दारातून दिसायची.

कालवा मोहॉक नदीच्या खोऱ्यातून चढत पश्चिमेला जातो. पण पाण्याला काही पाय नाहीत चढायला. म्हणून मध्ये मध्ये दगडाची कुंडं बांधलेली, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. खालचा दरवाजा उघडून पडाव, म्हणजे मालाची लांब सपाट होडी, आत घ्यायचा, दरवाजा लावायचा, वरच्या झडपा फिरवायच्या. पाणी भरत जातं, मालानं भरलेला पडाव पिसासारखा वर उचलला जातो, आणि वरच्या दरवाज्यानं बाहेर पडतो. दरवाजा ढकलायला एक लांबलचक तुळई असते, तिला पाठ लावून माणूस ढकलत जातो. कुंडात एका वेळी एकच पडाव मावतो. सगळ्या भांडणांचं मूळ तेवढंच.

नियम सोपा होता. कुंडाच्या अलीकडे काठावर एक पांढरा खुंट रोवलेला. तो जो आधी ओलांडील त्याची पाळी आधी. पण खुंटाला डोळे असतात, तोंड नसतं. कोण आधी आलं यावरून रोज वाजे. मग प्रत्येक पडावावर एक मुठीचा माणूस ठेवायचा रिवाज पडला. तो उडी मारून काठावर यायचा, सदरा काढायचा आणि तुळईवर टांगायचा. म्हणजे पाळी आमची. समोरच्याला मान्य नसेल, तर त्यानंही आपला सदरा शेजारी टांगायचा, आणि मग मुठी बोलायच्या. मान्य असेल तर तो सदरा अंगातच ठेवायचा आणि पडाव मागे घ्यायचा. टांगलेला सदरा जो आपल्या हातानं खाली घेईल त्याची पाळी गेली. आणि दुसऱ्याच्या सदऱ्याला कुणी बोट लावायचं नाही.

सदराच का, असं तुम्ही विचाराल. अहो, सदरा असायचा एकच. बायकोनं हिवाळाभर चुलीपाशी बसून शिवलेला. नाक फुटलं तर महिन्याभरात बरं होतं, फाटलेला सदरा बरा होत नाही.

हे सगळं माझे सासरे, फिनियस मामंजी, बघत असत. कुंड त्यांच्या ताब्यात होतं. माझा नवरा नव्या रुंद कालव्याच्या खोदकामावर दूर गेलेला, म्हणून झडपा फिरवायला मी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पडावांना पाव आणि वाळल्या सफरचंदांच्या भाजलेल्या पोळ्या विकायलाही मीच. मला ओनोरा असं कुणी म्हणत नसे. सगळे म्हणत, "ए कुंडावरची सूनबाई!"

हुल्डा व्रूमनचा नवरा ट्यूनिस वसंतात गेला, कालव्यात नुकतं पाणी सोडलं होतं तेव्हा. ताप आला आणि गेला माणूस. त्याचा 'रेडविंग' नावाचा पडाव ती आता विकेल असं सगळ्यांनी धरलं होतं. विकत घेणारेही ठरले होते. पण पुढच्याच फेरीला 'रेडविंग' आला तेव्हा सुकाणूवर हुल्डा उभी. खाली दुखवट्याचं काळं पोलकं नि घागरा, वरून ट्यूनिसचा लाल लोकरीचा सदरा, बाह्या दुमडलेल्या. काठानं पडाव ओढणाऱ्या खेचरांमागून तिचा कोबसकाका चालत होता, ज्याला एका डोळ्यानं दिसायचं आणि दोन्ही कानांनी ऐकू यायचं नाही.

"कप्तान कुठाय?" मामंजींनी सवयीनं विचारलं.

"बोलतेय की तुमच्याशी," ती म्हणाली.

तिला पडाव चालवता येत होता. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ती खुंटाशी पहिली पोचली, की मागून कुणीतरी येई, सदरा टांगे, आणि हसून म्हणे, "सदरा राहू दे अंगात, हुल्डाबाई!" ती काय टांगणार? ती पडाव मागे घेई. एकानं केलं, मग दोघांनी केलं, मग सगळ्यांनीच. कप्तान ओरिन टटलच्या पडावावर तर तिच्यावर गाणंच रचलं होतं. कालवाभर पोरं ते म्हणत फिरायची:

कप्तानीण उभी काठी, सदरा काही काढवेना,
पाळी तिला दिसते दुरून, पाळी हाती लागेना.

बायकांनीही एक रचलं होतं. ते कपडे धुताना, खाली मान घालून म्हणायचं:

पाणी चढे हळूहळू, पाणी कुणा पुसत नाही,
दगडाच्या भिंतीआड, पाणी कधी रुसत नाही.

पण ते पुरुषांच्या कानावर गेलं नाही, आणि गेलं असतं तरी पाळी काही मिळाली नसती.

शरद सरता सरता एकदा ती माझ्या ओट्यावर पाव घ्यायला आली. ओठ फुटलेले, हात दोरानं सोललेले. मी म्हटलं, "अगं, मुठीचा एखादा माणूस ठेव ना. वेल्श लोकांच्या वस्तीत धडधाकट पोरं बसलीयेत रिकामी."

"ठेवला होता. जूनमध्ये."

"मग?"

"दोन कुंडं त्यानं जिंकून दिली. तिसऱ्या कुंडावर मला म्हणाला, पडाव कुठे थांबवायचा ते मी ठरवणार. मी म्हटलं, का रे बाबा? म्हणाला, पाळी मी मिळवतो ना." ती हसली. "भाड्याच्या मुठीनं मिळवलेली पाळी मुठीच्या मालकाची असते, ओनोरा."

मला ओनोरा म्हणणारी ती एकटीच.

"मग वीक बाई तो पडाव," मी म्हणाले. "तुझ्या बहिणीकडे जा. कशाला हा जाच?"

तिनं पाव फडक्यात बांधला. "व्यापारी सांगताहेत, पुढच्या साली माल देणार नाही. 'रेडविंग'ला कुणीही मागे टाकतं, त्यांचा माल उशिरा पोचतो. खरंच आहे त्यांचं. हिवाळ्यापूर्वीची आता एकच खेप उरलीय. सगळे बघताहेत. या खेपेला मी मागे हटले, तर पडाव माझा राहील, पण मी त्याची कप्तान राहणार नाही. मग बांधून ठेवायचा काठाला आणि त्यात कोंबड्या पाळायच्या."

त्या खेपेला तिच्याकडे लोखंडी शेगड्या होत्या, पश्चिमेच्या नव्या वस्त्यांसाठी. बर्फ धरायच्या आत पोचल्या तर उपयोग.

ती खेप घेऊन ती आली त्या दुपारी बर्फाची भुरभुर लागली होती. काठाला पातळ पापुद्रा धरू लागला होता आणि खेचरांच्या नाकातून वाफ निघत होती. खालून वर जाणारे पडाव एकामागे एक लागलेले, वरून येणारेही थांबलेले. सगळ्यांनाच गोठण्यापूर्वी घर गाठायचं. मी झडपेपाशी उभी होते. मी डोळ्यांनी पाहिलं, 'रेडविंग'नं खुंट ओलांडला तेव्हा टटलचा पडाव चांगलाच मागे होता. मधे आणखी एक पडाव मावला असता.

तरी टटलचा माणूस उडी मारून काठावर आलाच. शॅड्रक त्याचं नाव. बैलाच्या मानेचा, पण स्वभावानं तसा गरीब. माझ्याकडून सफरचंदाची पोळी घेताना नेहमी टोपी काढायचा. त्यानं सदरा डोक्यावरून काढला आणि तुळईवर टांगला. उघड्या छातीवर बर्फ पडून विरघळू लागलं.

मागून कप्तान टटल आला, पाइप तोंडात. "सदरा राहू दे अंगात, हुल्डाबाई," तो गोड आवाजात म्हणाला. "जरा बाजूला घे पडाव. आम्हाला घाई आहे."

पडावांवरून हसू फुटलं. कुणीतरी ते गाणं धरलं.

हुल्डानं सुकाणू बांधून ठेवलं. ती काठावर चढली, दगडी पायऱ्यांनी वर आली, तुळईपाशी उभी राहिली. लाल सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. गाणं म्हणणारा मध्येच थांबला. तिनं सदरा काढला, झटकला, आणि शॅड्रकच्या सदऱ्याशेजारी नीट टांगला. मुठी वळून उभी राहिली.

"ये," ती शॅड्रकला म्हणाली.

शॅड्रक कप्तानाकडे बघू लागला. कप्तान मामंजींकडे बघू लागला. "फिनियस, हे काय चाललंय? तो सदरा तिचा नाही. ट्यूनिसचा आहे."

"ट्यूनिस गेल्यापासून माझ्याच अंगावर आहे," हुल्डा म्हणाली. "शिवला मी, धुतला मी, कोपराला ठिगळ लावलं मी. शॅड्रक, तुझा कुणी शिवला रे?"

"आईनं," शॅड्रक म्हणाला.

"मग तोही तुझा नाही. घेऊन जा घरी."

आता हसू दुसऱ्या बाजूनं आलं. मामंजींनी हनुवटी खाजवली. मी त्यांच्या कानाशी लागले, "मामंजी, खुंट आधी तिनं ओलांडलाय. मी बघितलंय."

"मीही बघितलंय, सूनबाई. पण सदरे लागले तुळईला की खुंट गप्प बसतो. रिवाज आहे." मग ते मोठ्यानं म्हणाले, "सदरा टांगणारा बाप्याच असावा असं काही कुठे ठरलेलं नाही, ओरिन. दोन सदरे आहेत. आता तुमचं तुम्ही बघा."

"मी बाईवर हात टाकणार नाही," शॅड्रक पुटपुटला.

मला वाटलं, सुटली. मीच काय, सगळ्यांना तसंच वाटलं. पण हुल्डाच्या तोंडावर रक्त चढलं.

"का? उन्हाळाभर माझ्या तोंडासमोरून पडाव नेलात तेव्हा मी बाई नव्हते. आता मारायची वेळ आली आणि मी बाई झाले? तुझी दया नको मला, शॅड्रक. हात टाक, नाहीतर सदरा काढ तुळईवरून. तिसरी वाट नाही."

शॅड्रक हात टाकेना आणि सदराही काढेना. थंडीनं त्याचं अंग शहारलं होतं. वर-खाली खोळंबलेल्या पडावांवरून ओरडाआरडा सुरू झाला. "अरे, एकदाचा मार नाहीतर मर!" "पाणी गोठलं इथं!" "शॅड्रक, बघ, गारठून काकडी झालास!" एका म्हाताऱ्या कप्तानानं तर ओरडून सांगितलं, "दे की बाबा पाळी तिला, आम्हाला जेवायला घरी जायचंय!"

त्यानं टटलचं डोकं फिरलं. माणसांचं हसू त्याला नेहमी दुसऱ्यावर हवं असे. तो तरातरा तुळईपाशी आला, लाल सदरा खसकन ओढला आणि कालव्यात फेकला.



असं कुणी कधी केलं नव्हतं. नाकं फुटली होती, दात पडले होते, एकाचा डोळा गेला होता. पण टांगलेल्या सदऱ्याला हात कुणी लावला नव्हता. सदरा पाण्यावर पसरला, बाह्या दोन्हीकडे पसरून, माणूस पालथा पोहतो तसा. मग लोकर पाणी प्यायली. मामंजी आकडा लावलेली काठी घेऊन धावले, वाकले, पण तो टटलच्याच पडावाच्या तळाखाली गेला आणि पुन्हा दिसला नाही.

हुल्डा पाण्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरायला गेले तर तो लाकडासारखा कडक होता.

"झालं," टटल म्हणाला. आवाज मात्र त्याचा जरा बसला होता. "तुळईवर एकच सदरा आहे. चल शॅड्रक."

"थांबा," हुल्डा म्हणाली. "अजून आहे माझ्याकडे."

तिचा हात गळ्याशी गेला. काळ्या पोलक्याला पुढून बटणं होती, बारीक, काळ्या शिंगाची. तिनं पहिलं काढलं. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणाले, "हुल्डा, नको गं," आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू झडपेपाशी उभी राहा, ओनोरा. पाळी होणार आहे."

एक एक बटण. कुणी गाईना, कुणी हसेना, खेचरंसुद्धा साखळी वाजवीनात. तिनं पोलकं काढलं, जिथं लाल सदरा होता तिथंच टांगलं. आत जाड्याभरड्या कापडाची शेमीज, गळ्यापासून खाली, पण तिचे दंड उघडे होते आणि दंडांवर दोराचे वळ होते, काळेनिळे, उन्हाळाभराचे. त्यावर बर्फ पडत होतं.

पुरुषांनी माना वळवल्या. जे गाणं म्हणत होते ते आपल्या बुटांकडे बघू लागले. वरच्या पडावावरच्या म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. टटलनं पाइप तोंडातून काढला, पुन्हा घातला, आणि खुंटाकडे पाठ करून आभाळाकडे बघत म्हणाला, "बाई, काही लाज..."

"लाज कसली? सदरा काढता येत नाही म्हणून पाळी नाही, असंच म्हणत होतात ना सगळे? काढला. आता बघा." तिनं आवाज चढवला नाही, पण तो कुंडाच्या दगडांवर आपटून सगळीकडे गेला. "मान वर करा, ओरिन टटल. सदरा मोजायचा म्हणजे बघावं लागतं."

त्यानं मान वर केली नाही.

एका बिऱ्हाडाच्या पडावावरची बाई घोंगडी घेऊन काठावर येऊ लागली. हुल्डानं तिला हातानं थांबवलं. "नको माई. माझं पांघरूण तिथं टांगलंय. पाळी झाली की मी घेईन."

आणि ती तशीच उभी राहिली. तिचे दात वाजत होते, ते मला ऐकू येत होते. मुठी मात्र तिनं सोडल्या नाहीत.

शॅड्रक हलला. मला वाटलं, आता हा काय करतोय. तो तुळईपाशी गेला, तिच्याकडे न बघता, आणि आपला सदरा खाली घेतला. डोक्यावरून घालताना हात बाहीत अडकला. थंडीनं बोटं काम करत नव्हती. आतून कुठून तरी त्याचा आवाज आला, "बाई, पाळी तुमची."

"काय करतोस गाढवा!" टटल ओरडला. "पाळी घालवलीस आपली!"

शॅड्रकचं डोकं सदऱ्यातून वर आलं. "आपली नव्हतीच, कप्तान. खुंट मीही बघितला होता." आणि तो टटलच्या पडावाकडे न जाता सरळ गावाच्या वाटेनं चालू लागला.

तुळईवर आता एकच वस्त्र होतं.

"सूनबाई," मामंजी घसा खाकरून म्हणाले, "दरवाजा."

आम्ही दोघांनी तुळईला पाठी लावल्या. ती जड होती आणि तिच्यावर पोलकं डुलत होतं, माझ्या कानाजवळ. हुल्डा पायऱ्या उतरून खाली गेली, सुकाणू सोडलं, कोबसकाकाला हात केला. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. बर्फात खेचरांच्या तोंडाशी उभा राहून तो इतका वेळ त्यांना सफरचंद चारत होता. खेचरं ओढू लागली. 'रेडविंग' कुंडात शिरला, दोन्ही बाजूंना चार बोटांची जागा सोडून, भिंतीला कुठेही न घासता. शेमीज घातलेली एक बाई उघड्या दंडांनी सुकाणू धरून आमच्या पायांखालून आत गेली, आणि काठावरच्या बाप्यांत ज्यानं त्यानं आपापली टोपी काढून हातात घेतली. टटलनं काढली की नाही ते मी बघितलं नाही.

दरवाजा लागला. ती खाली, दगडी भिंतींच्या मध्ये, अंधाऱ्या विहिरीत असावी तशी. मी तुळईवरचं पोलकं काढून तिच्याकडे टाकायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस, ओनोरा," ती खालून म्हणाली. "मीच काढीन."

मग मी झडपा फिरवल्या. पाणी घुमत आत शिरलं. पडाव थरथरला, दोर ताणले, आणि शेगड्यांच्या सगळ्या लोखंडासकट 'रेडविंग' वर येऊ लागला. आधी तिचं डोकं भिंतीवर आलं, केसांत बर्फ. मग खांदे. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांच्या पातळीला तिचे डोळे आले, आणि आता कुणाला खाली बघायची सोय राहिली नाही. तिनं आम्हाला एकेकाला बघून घेतलं. मलासुद्धा.

तुळई तिच्या हाताला लागेल इतकं पाणी चढलं, तेव्हा तिनं हात लांब केला आणि पोलकं उचललं. त्यावरचं बर्फ झटकलं. बाह्या घातल्या. बोटं निळी पडली होती, तरी तिनं घाई केली नाही. खालून सुरुवात करून एक एक बटण लावत वर आली. तेवढा वेळ सगळा कालवा थांबला होता. शेवटचं गळ्याचं बटण तिनं लावलं तेव्हा पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि मामंजी वरच्या दरवाज्यापाशी टोपी हातात घेऊन विचारत होते, "उघडू का, कप्तान?"

"उघडा," ती म्हणाली.